कवळीचे विलगीकरण

दंतोपचारासाठी येणाऱ्या प्रत्येक तोंडाची लाळ तपासून, ते तोंड श्वसनमार्गाच्या विषाणूंपासून मुक्त असल्याची खात्री झाल्याशिवाय कोणत्याही दवाखान्याने त्याच्याशी व्यवहार करू नये, असे परिपत्रक ज्या आठवड्यात निघाले, त्याच आठवड्यात आप्पांची कवळी तडकली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो नंतर जोडण्यात आला.

आप्पा हे लिफ्टचे निवृत्त निरीक्षक. लिफ्टमध्ये आरशाशेजारी चौकटीत जो कागद टांगलेला असतो आणि जो वर जाताना कोणी वाचत नाही, खाली येताना तर नाहीच नाही, त्यावर एकतीस वर्षे आप्पांची सही असे. त्यांची स्वतःची कवळी मात्र कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय नऊ वर्षे बिनतक्रार चालली होती. सोमवारी सकाळी धुताना ती हातातून निसटली, बेसिनमध्ये आपटली आणि खालच्या भागाला मधोमध चीर गेली.

एरवी आप्पांनी चार दिवस पातळसातळ पिऊन निभावले असते. पण येत्या रविवारी दादा येणार होते. दादा म्हणजे थोरले भाऊ, वय त्र्याऐंशी. ते एकोणीस वर्षांनी येणार होते आणि मंगळवारच्या विमानाने मुलाबरोबर परदेशी जाणार होते, कायमचे. एकोणीस वर्षांपूर्वी आप्पांनी दादांच्या इमारतीची लिफ्ट बंद केली होती. लिफ्ट ठणठणीत होती. फक्त किती माणसे चढावीत हे सांगणारी पाटी नमुना 'ब'मध्ये हवी होती, ती नमुना 'अ'मध्ये होती. नवी पाटी मंजूर व्हायला अकरा महिने लागले. दादा चौथ्या मजल्यावर राहत. नवव्या महिन्यात वहिनी जिन्यात पडल्या. त्यांना वर नेले, पण नंतर त्या स्वतःच्या पायांनी कधी खाली उतरल्या नाहीत. दादांनी भांडण केले नाही. त्यांनी बोलणेच सोडले.

"सख्ख्या भावाची इमारत म्हणून सूट दिली असती, तर नियमाची काय किंमत राहिली असती?" असे आप्पा अधूनमधून म्हणत. कोणी विचारलेले नसताना म्हणत.

आता त्यांना माफी मागायची होती. वाक्य तयार होते, महिनाभर घोळवून गुळगुळीत केलेले. पण दातांशिवाय मागितलेल्या माफीची लोकांना दया येते, आणि आप्पांना दया नको होती. माफी कशी, ताठ उभ्या माणसाने मागितलेली हवी. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी उभे असलेली. म्हणून त्यांनी कवळी डबीत घातली आणि डबी सुनेच्या हातात दिली. स्वतः गेले नाहीत, कारण दोन दिवसांपासून अंगात कसकस होती आणि खोकला येत होता.

सून एका विमा कंपनीत दावे तपासत असे. कोणत्या कागदाला कोणता कागद लागतो, हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. तिने कामावर जाता जाता डबी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हत्यारे वाफेत उकळून, पाकिटात बंद करून, पाकिटावरची पट्टी काळी पडल्याशिवाय ते उघडायचे नाही, हा शिरस्ता त्या वीस वर्षे कोणी न सांगता पाळत आल्या होत्या. आता सांगणारे आले होते. "पूर्वी मी दिवसातून चाळीसदा हात धुवायचे," त्या सुनेला म्हणाल्या. "आता धुतल्याची नोंद करण्यात इतका वेळ जातो, की वीसदाच धुऊन होतात. पण कागदावर साठ आहेत. बरं, पेशंट कुठंय?"

"डबीत."

"माणूस नाही आला?"

"त्यांना बरं नाही. आणि मोडलीय कवळी, माणूस नाही."

डॉक्टरीणबाईंनी संगणकात 'कवळी-दुरुस्ती' असे टाकले. संगणकाने लाळेच्या नमुन्याचा क्रमांक मागितला. तो दिल्याशिवाय पुढचा रकाना उघडेना. त्यांनी लगेच संगणकावरूनच वरच्या कार्यालयाला रीतसर विचारले, की मालकाविना आलेल्या कवळीला परिपत्रक लागू आहे काय. उत्तर आले: परिपत्रक तोंडांना लागू आहे, कवळी तोंडात असते, सबब खुलासा स्वयंस्पष्ट आहे.

तेव्हा त्यांनी काडीने कवळीवरची ओल टिपली आणि ती नळीत बुडवली. रुग्णाचे नाव: कवळी (वरची व खालची). वय विचारल्यावर सून म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी केलीय." संगणकाने नऊ हा आकडा वाचून रुग्णाला बालविभागात टाकले आणि पालकाचे नाव मागितले. सुनेने आप्पांचे दिले.

चीर दुपारपर्यंत जोडून झाली. कवळी औषधात बुडवली, घासली, इतकी लखलखीत झाली की नऊ वर्षांत झाली नव्हती. आता फक्त अहवाल येईपर्यंत ती देता येत नव्हती. अहवाल बुधवारी आला. कवळी पॉझिटिव्ह होती.

बुधवारी दुपारी दवाखान्याचा माणूस पारदर्शक डबा घेऊन घरी आला. डब्याला लाल सील. आत कवळी, स्वच्छ, जोडलेली, हसरी. सोबत सात दिवसांच्या गृहविलगीकरणाची सूचनापत्रिका आणि दारावर लावायचा कागद. सात दिवस म्हणजे पुढचा बुधवार. तोवर दादा विमानातून उतरून मुलाच्या घरी स्थिरस्थावर झाले असते.

सूचनापत्रिकेप्रमाणे रुग्णाला हवेशीर स्वतंत्र खोली द्यायची होती. घरात हवेशीर स्वतंत्र खोली एकच होती, आप्पांची. त्यामुळे कवळी त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर गेली आणि आप्पा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आले. शक्य असल्यास स्वच्छतागृहही वेगळे असावे, असे लिहिले होते. ते शक्य नव्हते. सुनेने तसे पालकाच्या वतीने लिहून दिले.

"आप्पा, डबा उघडा आणि घाला तोंडात," ती म्हणाली. "तुमचीच आहे."

"सील आहे."

"मग?"

"सील तोडायचं म्हणतेस?" आप्पांच्या आवाजात खरोखरीची भीती होती. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांना सील लावले होते. ते तोडणे हाताला माहीत नव्हते. शिवाय रोज सकाळी दहाला निगराणी कक्षातून फोन येई आणि कॅमेऱ्यासमोर सील दाखवावे लागे.

पहिला फोन गुरुवारी आला. फोनवरच्या बाईंचा आवाज गोड होता; यंत्र आणि माणूस यांच्या बरोबर मध्ये बसणारा.

"पालक बोलताय का? पेशंटची तब्येत कशी आहे?"

"ठीक आहे," आप्पा म्हणाले. दातांशिवाय त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर थोडी वाफ, थोडी फुंकर आणि थोडे तुषार निघत. फोनचा पडदा पुसावा लागला.

"जेवण जातंय का?"

"माझ्याशिवाय नाही जात."

"असं होतं लहान मुलांचं. ताप किती?"

सुनेने ताप मोजायचे यंत्र डब्यावर रोखले. चोवीस. फोनवरच्या बाईंनी आकडा लिहून घेतला. "फारच उतरलाय हो. पेशंटला पांघरूण घाला. तासाभराने पुन्हा मोजा. पस्तिसाच्या खाली राहिला तर मला गाडी पाठवावी लागेल."

तासाभराने सुनेने स्वतःचा ताप मोजून कळवला. छत्तीस पूर्णांक आठ. बाईंना हायसे वाटले. पाठीमागे आप्पा खोकत होते. तो आवाज फोनवर ऐकू जात होता. "कोण खोकतंय?" बाईंनी विचारले. "पालक," सून म्हणाली. "बरं. त्यांना म्हणावं पेशंटपासून लांब राहा, तिला त्रास होईल."

त्या दुपारी आप्पा स्वतः संसर्ग-सुरक्षा कार्यालयात गेले. सून सोबत होती. दारात एकाने त्यांच्या हातांवर औषध शिंपडले, दुसऱ्याने बुटांवर. तोंडाकडे कोणी पाहिले नाही. खिडकी क्रमांक तीनच्या आत साहेब होते. साहेब तरुण, नेटके, आणि अडलेल्या माणसाला मदत करायला मनापासून उत्सुक होते. नियमात बसत असेल तर.

"साहेब, ती कवळी माझी आहे," आप्पा म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"पेशंट क्रमांक एकशे सतराचे पालक ना तुम्ही? बसा. काळजी करू नका, मुलं लवकर बरी होतात."

"तिच्यावरची लाळ माझी होती. म्हणजे आजार मला आहे. तिला नाही. मला तपासा आणि तिला सोडा."

साहेबांना मुद्दा पटला. ते तसे म्हणालेही. मग त्यांनी पत्रके चाळली. "तुम्हाला दंतरुग्ण म्हणून तपासता येईल का बघू. तुम्हाला दात किती?"

"एकही नाही."

"मग दंतरुग्ण कसे म्हणायचं? हां, पेशंटच्या निकट संपर्कातले म्हणून तपासता येईल. कवळीशी तुमचा संपर्क किती?"

"नऊ वर्षं. सकाळी सात ते रात्री दहा."

"किती अंतरावरून?"

आप्पांनी तोंड उघडून दाखवले. साहेबांनी 'शून्य मीटर' असे लिहिले आणि आदराने मान हलवली. एवढा निकट संपर्क त्यांच्या नोंदवहीत अजून आलेला नव्हता. "लक्षणं?"

"खोकला. कसकस."

"केव्हापासून?"

"शनिवारपासून."

साहेबांचा पेन थांबला. "पेशंटचं निदान बुधवारचं. नमुना सोमवारचा. तुमचा खोकला शनिवारचा. म्हणजे तो पेशंटकडून लागलेला नाही."

"तेच तर म्हणतोय! माझ्याकडून तिला लागला."

"ते उलटं झालं. आमचा रकाना पेशंटकडून कोणाला लागला, याचा आहे. पेशंटला कोणाकडून लागला, हा मूळ शोध. तो दुसरा विभाग. तो सध्या बंद आहे." साहेब पुढे झुकले, आवाज खाली आणला. "आणि काका, घरच्यासारखं सांगतो. तुम्हीच मूळ आहात असं लिहून दिलंत, तर सात दिवस तुम्हालाही आत बसावं लागेल. आजपासून मोजून. काही कार्यक्रम आहे का घरात?"

"रविवारी भाऊ येतोय."

"मग कशाला लिहून देता? आत्ता तुम्ही कुठेच नाही आहात. कुठेही जाऊ शकता."

आप्पांनी नकळत मान डोलावली. एकतीस वर्षांत असा सल्ला त्यांनीही शेकडो जणांना दिला होता, याच आवाजात, घरच्यासारखा.

"आणि मी?" सुनेने विचारले. "डबी मी नेली होती."

"झाकण बंद होतं ना? झाकण म्हणजे मास्कच धरतात."

तरीही साहेबांनी वाट काढली. लवकर सुट्टीसाठी एक निगेटिव्ह अहवाल पुरेसा होता. पण त्यासाठी दोन मिलिलिटर लाळ हवी होती, आणि तीन दिवस तोंडाबाहेर राहिलेल्या कवळीला लाळ कुठून सुटणार? "पेशंटच्या तोंडाला कोरड पडलीय," असे साहेबांनी लिहिले, आणि खास बाब म्हणून परवानगी दिली: शुक्रवारी सकाळी कर्मचाऱ्यासमक्ष सील काढून रुग्णाला पालकाच्या तोंडात पंधरा मिनिटे ठेवावे व मुबलक लाळ आल्यावर नमुना घ्यावा.

शुक्रवारी सकाळी कर्मचारी आला. त्याने नखशिखांत पांढरा पोशाख घातला, दोन हातमोजे, तोंडावर काच. सील काढले. आप्पांनी कवळी घातली. पंधरा मिनिटे ते पूर्ण माणूस होते. त्यांनी खिडकीशी उभे राहून आपले वाक्य हळूच म्हणून पाहिले. "दादा, लिफ्ट चांगली होती." प्रत्येक अक्षर जागच्या जागी बसले. मग घड्याळ वाजले, नळी भरली, कवळी पुन्हा डब्यात गेली, नवे सील लागले. कर्मचाऱ्याने जाताना आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही खूप धीराचे आहात. काही आईबाप रडतात."

संध्याकाळी अहवाल आला. पॉझिटिव्ह. खाली शेरा होता: रुग्णाच्या प्रकृतीस उतार नाही.

शनिवारी सकाळी दहाच्या फोनवर बाईंनी फार हळुवारपणे विचारले, की पालकांना समुपदेशनाची गरज आहे काय. आप्पांनी फोन सुनेकडे दिला आणि सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. अंग तापले होते. डबा समोरच्या खोलीत पांघरुणाखाली होता.

सून बराच वेळ सूचनापत्रिका वाचत बसली. शेवटी म्हणाली, "आप्पा, इथं लिहिलंय की दुसरा नमुना पालकाने घरी घेऊन नळी खिडकीवर दिली तरी चालतो. मी सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाहीये."

आप्पा उठून बसले. "हे खोटं होईल."

"काय खोटं होईल? फॉर्म वाचा. लाळ किती, हे विचारलंय. कधी घेतली, विचारलंय. नळीचं बूच घट्ट आहे का, दोनदा विचारलंय. कोणाची, हा रकाना दाखवा मला."

आप्पांनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. रकाना नव्हता. नियमात नसलेली गोष्ट नियमाविरुद्ध कशी असेल, हा युक्तिवाद त्यांना बिनतोड वाटला. तो त्यांनीच एकेकाळी एका विभागीय चौकशीत केला होता. सुनेने नळी भरली. शनिवारी दुपारी दिली, रविवारी सकाळी अहवाल आला, आणि त्यासोबत हिरव्या पट्टीचे, गोल शिक्क्याचे, जाड कागदावरचे प्रमाणपत्र: *सदर रुग्ण संसर्गमुक्त असून समाजात वावरण्यास योग्य आहे.*

आप्पांनी कवळी घातली. आरशात पाहिले. मग खोकले. आरशावर बारीक ठिपके उमटले, आणि त्या ठिपक्यांतून पाहताना त्यांच्या लक्षात आले की आता घरात कागदोपत्री संसर्गमुक्त असलेली एकमेव गोष्ट त्यांच्या तोंडात होती आणि तिच्याभोवती सगळीकडून ते होते.

"दादाचं एक फुफ्फुस निम्मं गेलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही लांब बसा ना. खिडकी उघडी ठेवू."

बाराच्या सुमारास दादा आले. काठी, पांढरा शर्ट, श्वास घेताना खांदे वर होत. मागून पुतण्या, हातात विमानाच्या कागदांची फाइल. तो उंबरठ्यावरच थांबला. "काकू... सॉरी, वहिनी, काकांची टेस्ट झालीय ना? बाबांना काही झालं तर मला विमानात बसू देणार नाहीत."

सुनेने प्रमाणपत्र दाखवले. पुतण्याने हिरवी पट्टी पाहिली, शिक्का पाहिला, मोबाईलवर फोटो काढला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सरकन उतरला. नाव त्याने वाचले नाही. वय नऊ वर्षे, तेही नाही. "वा! परफेक्ट," म्हणत त्याने तोंडावरचा मास्क काढून खिशात घातला.

आप्पा खोलीच्या पार टोकाला, खिडकीपाशी बसले होते. दादा काठी टेकत सरळ त्यांच्याकडे निघाले. एकोणीस वर्षांचे अंतर ते सात-आठ पावलांत कापणार होते.

"दादा, तिथेच बस," आप्पा म्हणाले.

दादा थांबले.

"मला खोकला आहे. तू लांब बस."

"काका, रिपोर्ट क्लिअर आहे की!" पुतण्या म्हणाला. "मी आत्ता बघितला."

"तो माझा नाही."

"मग कोणाचा?"

आप्पांनी सुनेकडे पाहिले. सून छताकडे पाहू लागली. "कवळीचा," आप्पा म्हणाले.

दादांच्या कपाळावरची शीर हळूहळू वर आली. "एवढ्या वर्षांनी," ते धापा टाकत म्हणाले, "जिना चढून आलो मी. आणि तू मला दारात बसवून थट्टा करतोस? घरात घ्यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंस." त्यांनी काठी वळवली. पुतण्याने फाइल काखेत मारली.

तेव्हा आप्पा उठले. त्यांनी तोंडात बोट घालून खालची कवळी काढली, मग वरची. दोन्ही रुमालावर घेऊन, हात लांब करून, दादांजवळच्या खुर्चीवर प्रमाणपत्राच्या शेजारी ठेवल्या. "हिला तपासलंय," ते म्हणाले. "ही बसेल तुझ्याजवळ." आणि स्वतः बाहेर गॅलरीत जाऊन त्यांनी मागून दार ओढून घेतले. खिडकीच्या गजांपलीकडे त्यांचा चेहरा दिसू लागला, गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे सरकलेली.

आत एकदम धावपळ उडाली. आत्तापर्यंत खोकणाऱ्या आप्पांकडे कोणाचे लक्ष नव्हते. पण प्रमाणित वस्तू त्यांच्या तोंडातून बाहेर येताच ते उघडे पडले. पुतण्याने खिशातला मास्क ओढून काढला. "काका, कवळी काढलीत कशी? आता तुम्ही अनसर्टिफाइड आहात!" त्याने खिडकी लावायला हात घातला. सूनही दोन पावले मागे सरकली, आणि सरकल्यावर स्वतःचीच लाज वाटून एक पाऊल पुढे आली.

"खिडकी राहू दे," दादा म्हणाले.

ते दुसरी खुर्ची ओढून खोलीच्या मध्यावर बसले. गजांपलीकडच्या भावाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ताप आहे का रे तुला?" त्यांनी विचारले.

गुरुवारपासून हा प्रश्न रोज सकाळी दहाला विचारला गेला होता. पण आप्पांना तो पहिल्यांदाच विचारला जात होता. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"मी कुठल्याच रकान्यात बसत नाही," आप्पा म्हणाले. तोंडातून निम्मी हवाच आली. मग त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले आणि महिनाभर घोळवलेले वाक्य म्हटले. ते ताठ निघाले नाही. त्यातली निम्मी अक्षरे घसरली, एक-दोन वाटेतच बसली, हनुवटीवर लाळ ओघळली. "दादा, लिफ्ट चांगली होती. मला तेव्हाही माहीत होतं."

"मला काय माहीत नव्हतं?" दादा म्हणाले. "अकरा महिने मी तिच्या दाराच्या जाळीतून आत बघायचो. दिवा लागलेला असायचा आत."

पुतण्याने घड्याळ पाहिले आणि निघायला हवे असे खुणेने सुचवले. दादांनी काठी खुर्चीच्या पाठीला अडकवली.

"अजून बोल," ते गजांकडे पाहून म्हणाले. "विमान मंगळवारी आहे."

त्या दिवशी आप्पा संध्याकाळपर्यंत गॅलरीत बसून बोलले आणि दादा आत बसून ऐकत राहिले. काय बोलले ते सुनेलाही सगळे कळले नाही. दादांना कळत असावे. मंगळवारी दादा विमानात बसले, ठणठणीत नव्हे, पण होते तसे. आप्पांचा ताप आपसूक उतरला. त्याची कोठे नोंद नाही.

ही हकिगत आजवर पुष्कळ जणांना सांगून झाली आहे. ऐकणारे हसतात, हळहळतात, यंत्रणेच्या नावाने बोटे मोडतात. नंतर घोळका पांगला, की एखादा हमखास मागे रेंगाळतो, इकडेतिकडे पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, की ते हिरव्या पट्टीचे प्रमाणपत्र नेमके कुठे मिळते. घरात एक असलेले बरे. आपण तसे विचारणार नाही, याची खात्री आहे. तरी माहिती असावी म्हणून: संसर्ग-सुरक्षा कार्यालय, खिडकी क्रमांक तीन, सकाळी अकरा ते एक. माणूस सोबत आणण्याची आवश्यकता नाही.